तिसऱ्या फितीची जागा

१९२७ सालच्या वैशाखात मद्रासकडे जाणाऱ्या डाकगाडीतून एका गोऱ्या माणसाला सोलापूर स्टेशनवर उतरवलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. त्याला ऊन लागलं होतं. दोघा हमालांनी त्याला सावलीतल्या बाकावर आडवा केला, कुणी टांगा आणायला धावलं, आणि तेवढ्यात गाडी सुटली. त्याची पेटी गाडीबरोबर गेली ती गेलीच. मागाहून रायचूरपर्यंत तारा झाल्या, पण पेटीचा पत्ता लागला नाही.

सरकारी दवाखान्यात त्या दुपारी वॉर्डात धुळा होता. धुळा म्हणजे मंगळवेढ्याकडच्या धनगराच्या घरातला माणूस, चाळिशीचा, उंच आणि वाकलेला. आठ वर्षांपासून तो तिथं रोगी उचलणं, पुसणं, मेल्यावर झाकणं ही कामं करायचा. फारसं बोलायचा नाही. त्याचे पाय संध्याकाळी सुजायचे, म्हणून दुपारी जरा निवांत मिळालं की तो भिंतीला टेकून पाय वर ठेवून बसायचा. त्या दिवशी ते जमलं नाही. साहेबाच्या अंगावर ओल्या चादरी टाकायच्या, त्या सुकल्या की पुन्हा भिजवायच्या, असं तीन तास चाललं.

साहेब बरळत होता. नर्सबाईंना त्यातलं काही कळेना. बाई म्हणाल्या की हा सारखा वासरू मागतोय, डोकं पार फिरलंय याचं. धुळानं चादर पिळता पिळता मान वर केली आणि वाटीनं त्याच्या ओठाशी पाणी लावलं. साहेब ते प्याला.

"वासर म्हंजी पानी," धुळा म्हणाला. "ह्यो जर्मन हाय."

बाईंनी तुला काय ठाऊक असं विचारलं, पण त्याचं उत्तर लांबलचक होतं आणि धुळानं ते दिलं नाही. साहेब पुढे बराच वेळ फ्रान्स, फ्रान्स एवढंच म्हणत राहिला. चार वाजायच्या सुमाराला तोही आवाज थांबला, आणि अर्ध्या घटकेनं श्वासही.

कोटाच्या खिशांत मद्रासचं तिकीट, घड्याळ, एक किल्ली आणि चष्म्याचं घर निघालं. नाव कशावरच नव्हतं. चष्म्याच्या घरात चष्म्याखाली बोटभर लांबीची एक पट्टी होती. काळ्या कापडावर एकाला एक लागून रंगीत फिती शिवलेल्या. लष्करातले लोक बिल्ले लावत नाहीत तेव्हा छातीवर असली पट्टी लावतात. फौजदारांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पंचनाम्यात 'रंगीत कापडाचा तुकडा, एक' असं लिहायला सांगितलं. लिहिणारा होता कलेक्टर कचेरीतला कारकून पंचाक्षरी. बेवारशी मयतांचे कागद त्याच्याकडेच यायचे. देशी माणूस असता तर दोन ओळींत काम भागलं असतं. गोरा माणूस म्हणजे मुंबईपर्यंत लिखापढी, आणि पंचाक्षरीला पेन्शनीला सात महिने उरले होते. त्याचे डोळे अधू झाले होते आणि कागदाचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

धुळा दाराशी उभा होता. तो त्या पट्टीकडेच बघत होता. फौजदार गेल्यावर तो पुढे आला आणि बोट न लावता लाल फितीकडे दाखवून म्हणाला, "रावसाहेब, ही तुर्कांची हाय. तुर्कांसंगं लढाईत हुते त्या जर्मनांस्नी ही मिळायची."

पंचाक्षरीनं विचारलं, "तू कुठं पाहिलीस?"

तेव्हा धुळानं सांगितलं. लढाईच्या दुसऱ्या साली तो आणि त्याचा आतेभाऊ येडू खेचरांच्या पलटणीत भरती झाले. दोघंही मेंढरांमागं वाढलेले, जनावर ओळखणारे. पलटण बसऱ्याला उतरली, तिथून वर नदीकाठच्या कूत गावी गेली आणि तिथं वेढ्यात सापडली. पाच महिने खेचरंच कापून खाल्ली. मग सगळे तुर्कांच्या कैदेत पडले. वाळूतून चालवत नेलं, त्यात निम्मे वाटेत राहिले. उरलेल्यांना एका डोंगरात आगगाडीचे बोगदे खोदायला लावलं. तिथले इंजिनेर जर्मन होते. कैद्यानं मान वर करून साहेबाच्या तोंडाकडं बघायचं नाही, अशी रीत होती. म्हणून नजर छातीवर ठरायची. माणसं फितींवरून ओळखायची.

त्यांतला एक कप्तान वेगळा होता. येडूला हगवण लागून तो उठेनासा झाला, तेव्हा त्या कप्तानानं धुळाला दोन दिवस कामावरून मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी येडू मेला. धुळानं त्याला एका उतारावर माती दिली आणि वर दगड रचले. पण ती जागा कोणती, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्याला स्वतःला ताप होता, चार महिन्यांत तीन तळांवर हलवलं होतं, पाट्या तुर्की होत्या आणि त्याला तर मराठीही वाचता येत नव्हतं. पलटणीकडून येडूच्या आईला, गोजाबाईला, कागद आला. त्यावर लिहिलं होतं, कैदेत मृत, ठिकाण अज्ञात. धुळा परत आला तेव्हा तिनं पहिलं हेच विचारलं होतं की त्याला कुठं ठेवलंस. दर जत्रेला गावी गेलं की ती विचारायची. पुढं पुढं धुळानं जत्रेला जाणंच सोडलं.

"त्या कप्तानाच्या छातीवर ही काळी, ही पांढरी, ही लाल हुती," धुळा म्हणाला. "तोच ह्यो असंल तर त्याच्या मानसांस्नी जागा म्हाईत असंल."

चेहऱ्यावरून ओळखतोस का, असं पंचाक्षरीनं विचारलं. धुळा न्हाय म्हणाला.

मिशनच्या पाद्रीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना म्हटली आणि माणसाला ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. लाकडी क्रूसावर इंग्रजीत 'अनोळखी' एवढं लिहिलं. पंचाक्षरीनं मुंबईच्या जर्मन वकिलातीला पत्र पाठवलं. त्यात माणसाचं वर्णन, फ्रान्समध्ये लढला असावा असा तर्क, आणि चार फिती क्रमानं लिहिल्या: पहिली काळी, काठाजवळ पांढरी रेघ; दुसरी पांढरी, काठाला निळी आणि काळी रेघ; तिसरी नुसती काळी; चौथी लाल, काठाजवळ पांढरी रेघ.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पहिली फीत लोखंडी क्रूसाची, ती लाखो लोकांना मिळाली. दुसरी बव्हेरिया नावाच्या जर्मन संस्थानाची, अंमलदारांना देतात ती. चौथी तुर्की. असले तीन मान असलेले बव्हेरियाचे अंमलदार शेकड्यांनी सापडतील. आणि नुसती काळी फीत कोणत्याही जर्मन संस्थानात नाही, तेव्हा वर्णन पुन्हा तपासून पाहावं.

पंचाक्षरीला राग आला. डोळे अधू असले तरी काळं आणि पांढरं त्याला कळत होतं. त्यानं कागद बस्त्यात घातला आणि महिनाभर काढला नाही. पण धुळा दर आठवड्याला कामावरून सुटला की सुजलेल्या पायांनी कचेरीत यायचा, दाराशी बसायचा, काही विचारायचा नाही आणि थोड्या वेळानं उठून जायचा. चौथ्या वेळी पंचाक्षरीनं त्याला आत बोलावलं. म्हणाला, माझे डोळे गेले, तू शिकलेला नाहीस, आपण दोघं मिळून यातलं काय बघणार? कापडातलं ज्याला कळतं त्यालाच दाखवू.

रविवारी दुपारी ती पट्टी फौजदारांच्या परवानगीनं घेऊन दोघं अंबय्याकडे गेले. अंबय्या पद्मसाळी विणकर. घरी तेलुगू बोलायचा, बाजारात मोडकं मराठी. लुगड्याच्या काठाचं नाजूक काम करायचा आणि पंचाक्षरीच्या घरची लुगडी त्याच्याच मागावरची असायची. त्यानं हात धुऊन पुसले, पट्टी उजेडात धरली आणि धागे मोजायचं भिंग डोळ्याला लावलं. मागावर बसलेली त्याची बायको काम थांबवून बघू लागली.

"साब, ह्ये काळं फीत नाय," अंबय्या म्हणाला. "ह्ये खालचं कापड. लोकर हाय. बाकी तीन रेशीम हाय. हितं पयलं एक फीत होतं. कुनीतरी उसवलं."

त्यानं सुईच्या टोकानं दाखवलं. काळ्या जागेच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग होती. फीत ओढून तोडलेली नव्हती. एकेक टाका कापून सावकाश काढली होती. शेजारच्या लाल फितीच्या शिवणीत चार-पाच तंतू अडकून राहिले होते. अंबय्यानं ते चिमट्यानं सोडवून तळहातावर घेतले. केशरी आणि पांढरे. डाव्या शिवणीतही तसेच निघाले. कडेला केशरी, त्याच्या आत लगेच पांढरा, आणि मग पुन्हा केशरी. मधलं सगळं केशरी असणार, असं तो म्हणाला, कारण वरून फिकट पडलेल्या लोकरीवर केशरी रंग किंचित उतरला होता.

मूळ पट्टी मुद्देमाल होती, ती पाठवता येत नव्हती. फोटोत रंग दिसले नसते. अंबय्या म्हणाला, चारही विणून देतो. त्याला रेशीम सापडायला आणि केशरी रंग जुळायला आठ दिवस लागले. हा रंग जर्मनीतूनच डब्यात येतो, असंही त्यानं सांगितलं. नमुन्याचे चार तुकडे त्यानं काळ्या कापडावर शिवून दिले. पंचाक्षरीनं ते लिफाफ्यात घातले आणि तिसऱ्या फितीबद्दल आपली चूक झाली होती हे स्वच्छ लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य त्यानं वरच्या कचेरीला कधी लिहिलं नव्हतं.

या वेळी वकिलातीनं नमुना थेट जर्मनीला पाठवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. धुळा आता कचेरीत येईना. पंचाक्षरीनं एकदा निरोप पाठवला तेव्हा कळलं की पाय फार दुखतात म्हणून तो सुटीच्या वेळात झोपूनच असतो.

मार्गशीर्षात पाकीट आलं. पंचाक्षरीची पेन्शन आठ दिवसांवर होती. पत्र घेऊन तो स्वतःच दवाखान्यात गेला. मागच्या पायरीवर धुळा बसला होता, त्याच्या शेजारी बसून त्यानं एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं.

केशरी फीत लढाईची नव्हती. बुडत्या माणसाचा जीव वाचवणाऱ्याला ती मिळते, आणि ती बव्हेरियाची नाही, प्रशिया या दुसऱ्या जर्मन संस्थानाच्या राजाची. बव्हेरियाचा अंमलदार, प्रशियाच्या राजाकडून बुडत्याला वाचवल्याचा मान मिळालेला आणि पुढे तुर्कस्तानात गेलेला, असा जुन्या यादीत एकच माणूस निघाला. कप्तान कॉनराड आइखिंगर. तरुणपणी त्यानं ऱ्हाइन नदीच्या पुरातून दोन कोळ्यांना बाहेर काढलं होतं. वकिलातीनं त्याच्या बहिणीला शोधलं. भाऊ सात-आठ महिन्यांपूर्वी निलगिरीत एका जुन्या मित्राच्या मळ्यावर काम बघायला म्हणून निघाला, मुंबईहून एक पत्र आलं आणि मग काहीच कळलं नाही, असं तिनं कळवलं. फीत का काढली होती तेही तिनं लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी कॉनराडचा एकुलता एक मुलगा तळ्यात बुडाला. पोर दहा वर्षांचं होतं आणि बाप तेव्हा घरात कागद लिहीत बसला होता. माती देऊन आल्यावर त्यानं बायकोच्या शिवणाच्या पेटीतून कात्री घेतली आणि ती एवढी फीत काढून टाकली. मुलाचं नाव फ्रान्त्स.

धुळानं हे नाव पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "तो देशाचं नाव घेत न्हवता तर."

"नाही," पंचाक्षरी म्हणाला.

मग धुळानं जे विचारायचं ते विचारलं. हा कप्तान बोगद्यावर होता का? पंचाक्षरीनं पत्र पुन्हा चाळलं, जरी त्याला उत्तर ठाऊक होतं. कॉनराड आइखिंगर सबंध लढाईत तुर्कांच्या मुलखातल्या अलेप्पो शहरात होता, गाड्यांची ने-आण बघायच्या कामावर. डोंगरात तो कधी गेलाच नव्हता.

धुळानं पाय लांब केले आणि गुडघ्यावर हात ठेवून बसला. आतून कुणीतरी त्याला हाक मारली, तरी तो उठला नाही. पंचाक्षरीला वाटलं की याला हे पत्रातून वाचून दाखवण्याऐवजी आपल्या शब्दांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मग त्यात काही फरक नाही हेही त्याच्या लक्षात आलं. तो बसून राहिला.

बहिणीनं शेवटी दोन गोष्टी विचारल्या होत्या. भावाला कुठं पुरलंय, आणि मरताना तो काही बोलला का. त्या वेळी जवळ कोण होतं ते सापडलं तर विचारून कळवावं, अशी तिची विनंती होती.

"सांगतोस?" पंचाक्षरीनं विचारलं.

धुळानं नकार दिला नाही. थांबत थांबत त्यानं सांगितलं आणि पंचाक्षरीनं तिथंच मांडीवर कागद ठेवून लिहून घेतलं. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताची तिसरी रांग. शेजारी एका रेल्वेच्या ड्रायव्हरची कबर. पलीकडे लिंबाचं झाड, दुपारनंतर त्याची सावली तिथवर येते. पाणी मागितलं आणि त्याला पाणी दिलं. पोराचं नाव घेत होता, पुष्कळ वेळा. त्रास झाला का, असं त्याची बहीण विचारील, तर झाला म्हणावं, पण शेवटची अर्धी घटका शांत होता. खोटं लिवू नका, असं धुळानं निक्षून सांगितलं. आपल्याला असंच कुणी खरं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणाला.

ते पत्र पुरं केल्यावर पंचाक्षरीनं खाली आपल्या मनानं एक परिच्छेद वाढवला. ही माहिती देणारा माणूस स्वतः तुर्कांच्या कैदेत होता. त्याचा भाऊ १९१६ सालच्या उन्हाळ्यात डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर वारला. त्याला आठवतं तेवढ्यावरून, दुसऱ्या बोगद्याच्या वरच्या अंगाला, नदीकडच्या उतारावर त्याला पुरलं आहे. कप्तानसाहेबांच्या ओळखीत कुणी त्या कामावर असल्यास ठिकाणाचं नाव कळावं. सरकारी पत्रात हे घालणं नियमात बसत नव्हतं. पण येत्या आठवड्यापासून त्याला नियम लागू नव्हते. उत्तर घरच्या पत्त्यावर मागवून त्यानं पत्र टाकलं.

बहिणीचं उत्तर चैत्रात आलं. तिनं आभार मानले होते, आणि क्रूसावर नाव घालायची व्यवस्था पाद्रीसाहेबांकडे केली होती. सोबत भावाच्या एका जुन्या सोबत्याची चिठ्ठी होती. तो बोगद्याच्या कामावर होता. त्यानं लिहिलं होतं की त्या उन्हाळ्यात हिंदुस्थानी कैदी तीन तळांवर होते: बागचे, आयरान आणि एंटिली. तिन्ही ठिकाणी उतार आहेत आणि खाली ओढे आहेत. दुसरा बोगदा कोणता म्हणायचा ते कुठल्या बाजूनं मोजता यावर आहे. याहून जास्त सांगता येत नाही, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं.

पंचाक्षरीनं ती तीन नावं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून दिली आणि धुळाकडून पाठ करून घेतली. दोन दिवसांची रजा काढून धुळा गावी निघाला. मोहोळपर्यंत रेल्वे आणि पुढं मिळेल ती बैलगाडी. शेवटचे चार कोस चालतच जावं लागलं. पाच वर्षांत तो या वाटेला आला नव्हता. दुपारी पोहोचला तेव्हा गोजाबाई सपराखाली लोकर पिंजत बसली होती. तिला आता कमी दिसायचं. तिनं त्याला चालीवरून ओळखलं आणि पायाला काय झालं ते विचारलं.

धुळा तिच्यासमोर बसला. सोलापुरात मेलेल्या जर्मनाबद्दल, फितींबद्दल, पत्रांबद्दल त्यानं सगळं सांगितलं. ऐकताना तिनं हात थांबवला नाही. मग त्यानं तीन नावं सांगितली.

"परत म्हन," ती म्हणाली.

त्यानं म्हटली. तिनं आपल्या तोंडून म्हणून पाहिली, तिसरं नाव तिला जमलं नाही. तिनं ते दोनदा त्याच्याकडून ऐकलं.

"म्हंजी ह्या तिनातल्या एका जागी हाय त्यो."

"व्हय, आत्ती. कंच्या ते न्हाय सांगता येत."

"आजवर कुटंच न्हवता," गोजाबाई म्हणाली, आणि लोकरीचा पुढचा झुपका हातात घेतला.

थोड्या वेळानं तिनं त्याला घोंगडं दिलं आणि आडवा हो म्हणाली. मेंढरं अजून रानात होती. धुळा भिंतीकडे तोंड करून झोपला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही. त्याला कुणी उठवलंही नाही. भाकरी झाल्यावर तिनं हाक मारली, तेव्हा तो उठला, हातपाय धुतले आणि जेवला. दुसऱ्या दिवशी कातरणी होती. हात कमी होते म्हणून तो राहिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोहोळच्या वाटेला लागला.